दिवाळीनंतर कोकणात ४ दिवस, मुक्काम मालवणला करू की वेंगुर्ल्याला? आईला गुडघेदुखी आहे

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की चार दिवस बेळगावहून कोकणात जायचं ठरलंय. आईबाबा, आम्ही दोघं, दोन पोरं आणि पुण्याहून भाऊ वहिनी येणार. आईला जिने चढायला होत नाही आणि रोज बॅगा भरून नवीन हॉटेल शोधायचं आम्हाला नको आहे, एकाच ठिकाणी बऱ्यापैकी आरामाची जागा घेऊन तिथनंच सगळं फिरायचं म्हणतोय. पोरांना किल्ला आणि बोट पाहिजे, भावाला स्कुबा करायचंय, बाबांचं रेडीच्या गणपतीला जायचं लई दिवसापासून मनात आहे, आणि आई म्हणते मला संध्याकाळी समुद्राजवळ निवांत बसायला मिळालं की झालं. आता ह्या सगळ्याला मधली जागा कुठली ते कळेना. ऑनलाईन फोटो सगळ्यांचे सारखेच. सावंतवाडीत रेट कमी दिसतोय, तिथं राहून रोज जाऊन येणं जमेल काय ओ?

कोरे_गल्ली
सावंतवाडीत मुक्काम नको ओ दादा. गाव छान आहे, जाताना मोती तलावाजवळ थांबा, लाकडी खेळणी घ्या पोरांना, पण समुद्र तिथनं लांब. वेंगुर्ला म्हटलं तरी २५-३० किलोमीटर आणि मालवण कुडाळमार्गे ५० च्या आसपास. रूमचे वाचवलेले पैसे डिझेलमध्ये जातात आणि वर सूर्य बुडायच्या टायमाला तुम्ही परतीच्या गाडीत बसलेले असणार, मग आईंचं समुद्राजवळ बसणं कधी होणार?

आमचंच सांगतो. दोन वर्षांमागं फोटोत समुद्र दिसतोय बघून एक हॉटेल घेतलो, नाव घेत नाही. समुद्र दिसत होता हे खरं, पण हॉटेल टेकाडावर आणि पाण्यापर्यंत जायला पाऊण किलोमीटर उतार, त्यात रूम दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. सासूबाई तीन दिवसांत एकदाच वाळूवर आल्या. बाकी टाईम गॅलरीत बसून होत्या, काही बोलल्या नाहीत पण मला अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून सांगतोय, फोटो बघू नका, फोन लावून सरळ विचारा की म्हातारं माणूस रूममधनं चालत वाळूपर्यंत किती मिनिटात जाईल.

निपाणीची_लेक
माझं माहेर निपाणी आणि सासर वेंगुर्ला तालुक्यात, त्यामुळं माझं मत वेंगुर्ल्याकडंच झुकणार हे आधीच सांगते 🙂 बेळगावहून आंबोली घाट उतरलात की सगळ्यात जवळचा समुद्र आमचाच. गर्दी मालवणच्या मानानं कमी, सागरेश्वरचा किनारा मोठा आणि मोकळा, संध्याकाळी तिथं बसलं की उठावंसं वाटत नाही. रेडी साधारण २० किलोमीटर, वाटेत आरवलीचा वेतोबा. त्याला नवस फेडायला लोक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, पोरांना दाखवाच. शिरोड्याची मिठागरं पण त्याच रस्त्याला, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथंच झाला होता. रेडीच्या पुढं तेरेखोलचा किल्ला.

पण खरं सांगायचं तर तुमच्या भावाला स्कुबा आणि पोरांना सिंधुदुर्ग किल्ला पाहिजे असेल तर ते दोन्ही मालवणला आहेत, आणि वेंगुर्ल्याहून परुळे-चिपीवरून मालवण म्हणजे एका बाजूला सव्वा तास तरी धरा. रस्ता वळणाचा आहे, अंतर कमी दिसतं पण वेळ जातो.

खानापूरचा_वाटसरू
ताईंचं बरोबर आहे, म्हणून मी वेगळं सुचवतो. टिळकवाडीकर, तुम्ही मधली जागा शोधताय तिथंच गडबड होतेय. रेडीला हॉटेलमधनं जायची गरजच नाही, ते जातानाच्या वाटेवर घ्या की. पहाटे पाचला बेळगाव सोडा, आंबोलीत चहा नाष्टा, सावंतवाडीवरून मळेवाड शिरोडा करत रेडी. बाबांचं दर्शन सकाळीच होतंय. ती दोन हातांची मोठी मूर्ती १९७६ साली तिथल्या खाणीच्या भागात सापडलेली. मग वेतोबा करून वेंगुर्ल्यात जेवा आणि तिथनं परुळे, चिपी करत सावकाश मालवण. संध्याकाळी मुक्कामी. दक्षिणेकडचं सगळं पहिल्याच दिवशी संपलं, पुढचे तीन दिवस गाडी फार हलवायचीच नाही.

आणि पुण्याच्या भावाला पण मालवणच बरं, कोल्हापूर राधानगरी करून फोंडा घाट उतरला की कणकवली आणि तिथनं मालवण.

आता मालवणमध्ये कुठं. गावात राहिलात तर जेटी, बाजार, मेडिकल, डॉक्टर सगळं जवळ, आणि चिवला बीच गावालाच लागून आहे, पाणी पण तसं शांत. तारकर्ली ६-७ किलोमीटर, वाळू सुंदर, बरीच घरगुती राहायची सोय किनाऱ्याला लागून. देवबाग त्याच्या पुढं, एका बाजूला कर्ली नदी दुसऱ्या बाजूला समुद्र अशी चिंचोळी पट्टी, दिसायला एक नंबर पण रस्ता अरुंद आहे, सुट्टीत समोरासमोर गाड्या आल्या की अडकून पडायला होतं. रात्री कुणाला त्रास झाला तर परत मालवणातच यायला लागणार. आई बरोबर आहेत तर मी चिवला नाहीतर तारकर्ली म्हणेन.

टिळकवाडीकर
वाटसरू भाऊ हे डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद! किल्ल्यावर आईला नेता येईल काय?

खानापूरचा_वाटसरू
बोटीत चढता उतरताना दोघांनी हात धरायला लागतोय, भरतीच्या वेळी बोट हलते. आत शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत हळूहळू चालत जाता येतं, तटावर चढायचं मात्र नको. दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत, चहूबाजूला खारं पाणी आणि विहिरीत गोडं, पोरं थक्क होतात. १६६४ ला काम सुरू झालं आणि तीन वर्षात उभा राहिला हे त्यांना तिथंच उभं करून सांगा. बोटवाले साधारण तासभर देतात, म्हणून सकाळी पहिल्या बोटींना जावा, ऊन पण कमी असतं.

निपाणीची_लेक
दादा बुकिंग करताना अजून थोडं विचारून घ्या. तळमजल्याची रूम नक्की आहे ना, कमोड वेस्टर्न आहे ना आणि बाथरूमला पायरी किती उंच, ह्या पायरीकडं कुणी बघत नाही पण गुडघेदुखीवाल्यांना तीच नडते. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर फॅन चालतो की नुसता बल्ब. दिवाळीनंतर पण किनाऱ्यावर दमट असतंय, आपल्या बेळगावच्या हवेची सवय असलेल्यांना पहिली रात्र जड जाते, तेव्हा एसी घ्याच. जेवण घरचंच असेल तर मासे किती वाजेपर्यंत सांगायचे ते पण विचारा, ताजी सुरमई पाहिजे तर सकाळीच सांगावं लागतं. बाबा शाकाहारी असतील तर घावणे, उसळ, सोलकढी करून देतात, आधी सांगितलं की झालं.

भावाला सर्दी किंवा दम्याचा त्रास असेल तर स्कुबाला आधी तसं सांगायला लावा, कान दुखतात खाली.

टिळकवाडीकर
आत्ताच चिवल्याच्या बाजूला एका ठिकाणी फोन करून विचारलो. तळमजल्याच्या दोन रूम आहेत, वाळूपर्यंत तीन मिनिटं म्हणाले, बाथरूमच्या पायरीचा फोटो मागवलाय व्हॉट्सअ‍ॅपवर. तो आला की ॲडव्हान्स पाठवतो. ताई, जाताना वेंगुर्ल्यात जेवायला कुठं थांबायचं ते सांगा, येताना तुमच्यासाठी कुंदा आणतो.