जन्मदर घटला तरी शहरं फुगतातच की
लोकसंख्या आवरली की शहरं आपोआप आवरतील असं काही जण म्हणतात, ते काही पटत नाही. महाराष्ट्राचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) कधीच २ च्या खाली आलाय, तरी बदलापूरकडे बघा, टॉवरवर टॉवर. उलट मुंबई शहर जिल्ह्याची (म्हणजे उपनगरं सोडून जुन्या मुंबईची) लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये चक्क घटली आणि त्याच वेळी ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा त्यातच होतं) १ कोटी १० लाखांवर गेला, घरं परवडेनात म्हणून माणसं लोकलच्या रुळांनी लांब लांब सरकत गेली. शिवाय लोकांनी शेती सोडली म्हणून जनगणनेत शहर ठरलेली गावं देशात २००१ ला १३६२ होती, २०११ ला ३८९४, पण कारभार बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीचाच. एवढ्या वस्तीची गटारं ती कुठल्या पैशातून बांधणार?