चेंबरचं झाकण आणि गेटवरचा बोर्ड

सचिव: काल रात्री बी विंगच्या जिन्यापाशी ड्रेनेज चेंबरचं झाकण निसटून जेवणाची डिलिव्हरी द्यायला आलेला मुलगा पडला. घोटा फ्रॅक्चर. त्याचा भाऊ आज येऊन गेला, खर्चाचं विचारत होता.

ए-४०१: वाईट झालं. पण आपला काय संबंध? त्याच्या कंपनीने बघावं.

बी-२०३: मोबाईलमध्ये डोकं घालून चालतात ही मुलं 🙄

खजिनदार: गेटवर बोर्ड लावून टाकू. ‘आत येणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर यावे. अपघातास सोसायटी जबाबदार नाही.’ विषय संपला.

सी-३०२ वकीलताई: काका, असा बोर्ड लावून हात झटकता येत नाहीत. जिना, पार्किंग, चेंबर सगळं सोसायटीच्या ताब्यात. आपल्यापैकीच कुणीतरी जेवण मागवलं म्हणून तो आत आला. इंग्लंडमध्ये यासाठी १९५७ चा वेगळा कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही, पण निष्काळजीपणाचा दिवाणी दावा लागतो. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहेच, निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घातली तर शिक्षा.

ए-४०१: झाकण आतून गंजलंय हे आम्हाला कसं कळणार?

वकीलताई: दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळला, खाली माणसं मेली. पालिकेचं म्हणणं हेच, वरून काही दिसत नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १९६६ साली ते मानलं नाही. बांधकाम ऐंशी वर्षांचं, त्या चुन्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस. तपासायला हवं होतं, भरा भरपाई. ती माणसं तर आत आलेलीही नव्हती, रस्त्यावर होती.

ए-४०१: म्हणजे उद्या चोर पडला तर त्यालाही पैसे द्यायचे? 😂

वकीलताई: चोराची तेवढी काळजी घ्यावी लागत नाही. पण सापळा लावता येत नाही. बिहारमध्ये एकाने बाहेरच्यांनी वापरू नये म्हणून आपल्या संडासाला वीजप्रवाह असलेली तार लावली. शेजारची बाई शॉक लागून मेली. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची शिक्षा कायम ठेवली.

बी-१०४: आणि ‘कळलं नाही’ कसं म्हणता? मे महिन्यात मीच इथे फोटो टाकला होता. झाकण डुगडुगतंय म्हणून. आठ जणांनी 👍 केलं. खजिनदार काकांनी लिहिलं होतं, ‘पावसाळ्यानंतर बघू’.

खजिनदार: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

वकीलताई: काका, डिलीट करू नका. सगळ्यांनी वाचलंय.

सी-१०१: मंडळी, पाणी किती वाजता येणार?

बी-२०३: इन्शुरन्स आहे ना आपला?

सचिव: आहे तो बिल्डिंगच्या आगीचा. लिफ्टचा थर्ड पार्टी, म्हणजे लिफ्टमध्ये इतर कुणाला इजा झाली तर त्याचा विमा, २०१७ च्या कायद्याने सक्तीचा, तो भरलाय. चेंबरमध्ये पडणाऱ्याचा नाही.

वकीलताई: पब्लिक लायबिलिटीचं, म्हणजे बाहेरच्या कुणाला आपल्या आवारात इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्याचं, कोटेशन मागवा. दवाखान्याचं बिल मात्र आत्ताच द्या, त्याची पावती ठेवा. आणि ज्यांनी गॅलरीबाहेर कठड्यावर कुंड्या ठेवल्यात, त्या आत घ्या. ती कुणाच्या डोक्यात पडली तर सोसायटीच्या आधी तुमचं नाव येईल.

ए-४०१: माझी तुळस आहे हो.

वकीलताई: तुळससुद्धा आत घ्या, काका.

सचिव: बिल रिपेअर फंडातून देतोय. हरकत असेल त्यांनी मीटिंगमध्ये बोला. चेंबरभोवती दोरी बांधून वर दिवा लावलाय. उद्या नऊला फॅब्रिकेटर येतोय. तिथे लावलेली पांढरी अ‍ॅक्टिव्हा कोणाची? रात्रीच काढा.