दरवर्षीच्या खास रंगांची फाउंटन पेने : मालिका पूर्ण करावी की निवडक घ्यावीत?

जांभळी दौत यांचा प्रश्न

रोजच्या लिखाणाची, सहज परवडणारी फाउंटन पेने मी काही वर्षांपासून जमवत आहे. आज माझ्याकडे एकवीस पेने आहेत. त्यांत लामी या जर्मन कंपनीच्या चौदा सफारी, चार त्याच कंपनीची अल-स्टार, दोन कावेको स्पोर्ट आणि एक ट्विस्बी इको आहे. सुरुवात २०१७ सालच्या सफारीने झाली. त्या वर्षीचा ‘पेट्रोल’ हा रंग हिरव्या आणि निळ्याच्या सीमेवरचा, इतका गडद की सावलीत तो काळाच वाटावा. एका साध्या प्लास्टिकच्या वस्तूचा रंग मनात इतका खोल उतरू शकतो, हे मला ते पेन हाती आल्यावर प्रथमच कळले.

त्यानंतर मी दर वर्षी नव्या रंगाची वाट पाहू लागले. २०१९ साली पेस्टल मालिकेतले मिंट ग्लेझ, पावडर रोझ आणि ब्लू मॅकरॉन हे तिन्ही रंग मी एकदम घेतले. खरे तर मला त्यांतला फिकट हिरवाच मनापासून आवडला होता. पावडर रोझमध्ये मी आजपर्यंत एकदाही शाई भरलेली नाही. पुढच्या वर्षी कँडी मालिका आली आणि पुन्हा तसेच झाले. आता प्रत्येक नवा रंग जाहीर झाला की आनंदाच्या जोडीला एक दडपणही येते, कारण तो घेतला नाही तर मालिकेत कायमची रिकामी जागा राहील असे वाटते.

मला दोन गोष्टींबद्दल अनुभवी संग्राहकांचे मत हवे आहे. पहिली म्हणजे, २०१६ चे ‘डार्क लायलॅक’ माझ्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे ते विक्रीला आहे ते मूळ किमतीच्या कित्येक पट मागतात. असे पेन घेणे कितपत शहाणपणाचे आहे? दुसरी गोष्ट अशी की, एका जुन्या संग्राहकाकडून घेतलेले २०१४ चे ‘निऑन कोरल’ मी वर्षभर खिडकीसमोरच्या फळीवर उभे ठेवले होते आणि आता त्याचा रंग मला पूर्वीइतका तेजस्वी वाटत नाही. हा माझ्या मनाचा खेळ आहे की रंग खरोखरच उतरला आहे?

जुनी टोपणे यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा करणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्याला जाणवणारे दडपण बरेचसे त्या शब्दातून येते. आपण संग्राहक सरसकट ‘मर्यादित आवृत्ती’ असे म्हणतो. परंतु लामी आपल्या वार्षिक रंगांना ‘विशेष आवृत्ती’ म्हणते आणि या दोहोंत मोठे अंतर आहे. महागड्या पेनांच्या मर्यादित आवृत्तीत प्रत्येक नगावर क्रमांक कोरलेला असतो, म्हणजे पाचशेपैकी एकशे त्र्याहत्तरावे पेन आपल्याकडे आहे हे आपण निश्चितपणे सांगू शकतो. सफारीच्या वार्षिक रंगांवर असा कोणताही आकडा नसतो. तिथे मर्यादा असते ती काळाची : रंग एका मोसमापुरता निघतो, दुकानांतला साठा संपेपर्यंत मिळतो आणि मग थांबतो. काही रंग झपाट्याने संपतात, तर काही दोन-दोन वर्षे दुकानांत पडून राहतात, आणि हे, रंग किती सुंदर आहे यापेक्षा, दुकानदारांनी किती मागवला यावर अधिक अवलंबून असते.

दुसरी गोष्ट अशी की, थांबलेला रंग परत येऊ शकतो. वोल्फगांग फाबियान यांनी रेखाटलेली सफारी १९८० साली बाजारात आली, तेव्हा ती शाळकरी मुलांसाठी होती आणि तिचे पहिले दोन रंग टेराकोटा आणि सॅव्हाना हिरवा हे होते. ते बंद झाल्यानंतर संग्राहकांनी कित्येक वर्षे त्यांचा शोध घेतला, आणि २०२१ साली कंपनीने ‘टेरा रेड’ आणि ‘सॅव्हाना ग्रीन’ या नावांनी हेच दोन रंग पुन्हा काढले. ज्यांना तो मातकट तांबडा रंग डोळ्यांना हवा होता, त्यांना तो साध्या किमतीत मिळाला. ज्यांना १९८० चे पेनच हवे होते त्यांच्यासाठी जुन्या पेनाचे मोल तसेच राहिले. रंग हवा आहे की त्या वर्षीची वस्तू हवी आहे, हे आपण स्वतःशी आधी ठरवावे, असे मी आग्रहाने सुचवीन. नावांवर विसंबून राहू नये हेही इथेच सांगतो. ‘अ‍ॅक्वामरीन’ नावाची सफारी २०११ सालीही आली होती आणि २०२० च्या कँडी मालिकेतही, पण दोन्ही पेने शेजारी ठेवली तर एका नावाचे ते दोन निराळे रंग आहेत हे लगेच दिसते.

डार्क लायलॅकविषयी माझे मत असे आहे की, तो जांभळा आपल्याला पेट्रोलइतकाच आवडत असेल तर एकदाच जास्त पैसे मोजून तो घ्यावा, आणि त्यासाठी न आवडणारी चार पेने विकावीत. मात्र छायाचित्रावरून निर्णय घेऊ नये. गडद जांभळा हा कॅमेऱ्याला सर्वांत फसवणारा रंग आहे. तो एका चित्रात निळा, तर दुसऱ्यात चॉकलेटी दिसतो. शक्य असल्यास ज्यांच्याकडे ते पेन आहे अशा कोणाकडे तरी ते दिवसाच्या उजेडात पाहावे. विकत घेताना आणखी एक खूण ध्यानात ठेवावी : त्या वर्षीच्या पेनाची क्लिप काळी होती आणि निबही काळी होती. चकाकत्या क्लिपचे डार्क लायलॅक कोणी दाखवले तर टोपण किंवा क्लिप दुसऱ्या पेनाची आहे, किंवा ते पेन मुळातच खरे नाही, असे समजावे. पोलादी रंगाची निब असेल तर मात्र लगेच संशय घेऊ नये, कारण सफारीची निब सहज बदलता येते आणि पुष्कळ लोक ती बदलतात.

रंगाचा कारागीर यांचे उत्तर

निऑन कोरलचा रंग खरोखर उतरला असण्याची दाट शक्यता आहे. निऑन छटा साध्या रंगद्रव्यांनी येत नाहीत. त्यांत प्रकाश शोषून तो अधिक तेजस्वी करून परत फेकणारी प्रतिदीप्त रंगद्रव्ये असतात, आणि ती अतिनील किरणांपुढे इतर रंगद्रव्यांच्या मानाने फार लवकर दुबळी होतात. रस्त्यावरच्या कामगारांची भडक नारिंगी जाकिटे उन्हात काही महिन्यांत फिकी पडलेली आपण सर्वांनीच पाहिली असतील. आपल्या पेनाच्या बाबतीतही कारण तेच आहे. काचेतून आलेला उजेड निरुपद्रवी असतो हा समज चुकीचा आहे, कारण खिडकीची साधी काच अतिनील किरणांचा काही भागच अडवते.

सफारी ज्या एबीएस प्लास्टिकची बनते, त्याचीही एक दुखरी बाजू आहे. त्यातला रबरासारखा घटक ऊन आणि हवा यांमुळे हळूहळू बिघडतो आणि प्लास्टिकला पिवळट झाक येते. पांढऱ्या पेनांवर आणि पेस्टल छटांवर ती सर्वांत आधी दिसते. तेव्हा पावडर रोझ वापरले नाही तरी चालेल, पण ते उजेडात ठेवू नये.

अल-स्टारचा प्रकार अगदी निराळा आहे. ते पेन अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि त्याचा रंग वरून दिलेला लेप नसतो. विद्युतप्रक्रियेने धातूवर ऑक्साइडचा सच्छिद्र थर तयार करतात, त्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात आणि मग छिद्रे बंद करतात. याचे दोन परिणाम संग्राहकाला जाणवतात. थराची जाडी आणि रंगाच्या द्रावणात ठेवण्याचा वेळ किंचित बदलला तरी छटा बदलते, म्हणून एकाच रंगाची दोन अल-स्टार शेजारी ठेवली तर कधीकधी एक उजळ आणि एक गडद दिसते. आणि खोल ओरखडा पडला की खालचा रुपेरी धातू उघडा पडतो. सफारीत रंग प्लास्टिकच्या आरपार असल्यामुळे तिचा ओरखडा त्या मानाने लपतो. माझ्या अनुभवात अल-स्टारचे सर्वांत जास्त नुकसान खिशातल्या किल्ल्यांनी झाले आहे.

ट्विस्बी इको पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचे असते, त्यामुळे ते काच पुसण्याच्या अमोनियायुक्त द्रवाने कधीही पुसू नये आणि त्याची टोपणे व आटे जोर लावून आवळू नयेत. बारीक तडे तिथूनच सुरू होतात.

साठवणुकीबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. खोडरबर बराच काळ प्लास्टिकच्या फूटपट्टीला चिकटून राहिले तर फूटपट्टीवर वितळल्यासारखा खळगा पडतो, हे शाळेच्या कंपासपेटीत आपण पाहिले आहे. मऊ पीव्हीसी प्लास्टिकमध्ये (खोडरबर बहुधा त्याचेच असते) मिसळलेले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येऊन शेजारच्या प्लास्टिकमध्ये शिरते, त्यामुळे असे होते. पेनांसाठी मिळणाऱ्या पारदर्शक मऊ पाऊचांपैकी काही याच जातीचे असतात. माझी दोन फिकट पेने अशाच एका पाऊचमध्ये उन्हाळाभर राहिली आणि त्यांच्या पृष्ठभागावर आलेला चिकटपणा आजतागायत गेलेला नाही. त्यापेक्षा सुती कापडाची गुंडाळी आणि झाकणाचा लाकडी किंवा पुठ्ठ्याचा डबा बरा. डब्यात ठेवण्यापूर्वी शाई काढून टाकावी, निब आणि जीभ (निबेखालचा, तिच्यापर्यंत शाई पोचवणारा भाग) साध्या पाण्याने रंग येणे थांबेपर्यंत धुवावी आणि पेन पूर्ण सुकू द्यावे. गरम पाणी वापरू नये.

एकच निब यांचे उत्तर

वर दिलेली माहिती मोलाची आहे. तरीही मला एका मुद्द्यावर वेगळे मत मांडावेसे वाटते. न आवडणारी पेने विकून टाकावीत असे सुचवले गेले आहे, परंतु पुष्कळदा रंग न आवडण्याचे कारण आपण त्या पेनाने लिहिलेले नसणे हेच असते. माझ्याकडच्या निऑन लाइमकडे मी दोन वर्षे पाहिलेही नव्हते. एका लांब प्रवासात तेवढेच पेन जवळ होते, आणि हिरवट काळ्या शाईने आठवडाभर रोजनिशी लिहिल्यावर तो झगझगीत पिवळा-हिरवा कागदाच्या शेजारी किती प्रसन्न दिसतो हे माझ्या लक्षात आले. रंग डब्यात पाहणे आणि बोटांत धरून पाहणे यांत पुष्कळ फरक आहे.

यासाठी प्रत्येक पेनाला वेगळी, चांगली निब असण्याची गरज नाही. सफारी, अल-स्टार आणि लामीचेच पारदर्शक व्हिस्टा यांना एकच निब बसते. निबेच्या पृष्ठभागावर चिकटपट्टीचा तुकडा दाबून ती सरळ पुढे ओढली की निब जिभेवरून सरकून बाहेर येते आणि दुसऱ्या पेनावर तशीच सरकवून बसवता येते. माझ्या हाताला जुळलेली एकच बारीक निब मी गेली कित्येक वर्षे अशी या रंगातून त्या रंगात फिरवत आहे. एका वेळी तीनच पेने शाईने भरलेली ठेवायची आणि महिन्याच्या शेवटी ती बदलायची असा क्रम ठेवला, तर आपली एकवीस पेने सात महिन्यांत एकदा तरी हातात येतात. ज्या पेनाची पाळी आली तरी ते उचलावेसे वाटत नाही, ते विकण्यास मग माझी काहीच हरकत नाही.

जांभळी दौत यांची पुढील नोंद

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिल्याबद्दल मी आभारी आहे. काल दुपारी निऑन कोरल बाहेर काढून मी त्याची क्लिप टोपणापासून किंचित उचलून पाहिली. क्लिपच्या सावलीत राहिलेली अरुंद पट्टी अजूनही पेटल्यासारखी गुलाबी-नारिंगी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंचा रंग स्पष्टपणे निस्तेज झाला आहे. ती पट्टी पाहून वाईट वाटले, पण शंका फिटली. सर्व पेने आता झाकणाच्या डब्यात आहेत आणि मऊ पाऊच मी टाकून दिले आहेत.

या महिन्यासाठी पेट्रोल, मिंट ग्लेझ आणि आजवर न वापरलेले पावडर रोझ या तिघांत शाई भरली आहे. पावडर रोझमध्ये राखाडी शाई घातली. डार्क लायलॅकबद्दल एका संग्राहकाशी बोलणे झाले असून त्यांनी पेन प्रत्यक्ष दाखवण्याचे मान्य केले आहे. क्लिप काळी आहे, मात्र निब पोलादी आहे. त्याखेरीज मी आणखी काय पाहावे?

जुनी टोपणे यांचे उत्तर

टोपण आणि नळी (पेनाचा मागचा पोकळ भाग) वेगवेगळ्या धरून भर दिवसा खिडकीपाशी एकमेकींशी ताडून पाहा; दोन्हींची छटा आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा तंतोतंत जुळला पाहिजे. नळीच्या टोकाजवळ कंपनीचे नाव उमटवलेले असते, त्याच्या कडा स्वच्छ आहेत का ते बोटाने तपासा. आपला स्वतःचा मूळ कन्व्हर्टर (दौतीतून शाई ओढून घेणारी पेनाच्या आतली छोटी नळी) सोबत न्या : त्याच्या बाजूंना असलेले दोन बारीक उंचवटे पेनाच्या पकडीतल्या खाचांत नेमके बसतात, आणि नकली पेनात ते बहुधा अडतात किंवा सैल राहतात. आणि जाताना आपले पेट्रोलही बरोबर न्यावे. दोन्ही पेने शेजारी ठेवल्यावर आपली नजर कोणत्या पेनाकडे वळते ते पाहा आणि मगच किमतीचे बोला.