अनुभव धागा : आत्मिक युद्धात तुम्ही कसे टिकून राहिलात?

मोहरीचा दाणा (धागालेखिका)
गेल्या रविवारी उपासनेत बायबलमधील इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय, म्हणजे सैतानाविरुद्ध देवाची शस्त्रसामग्री धारण करा असे सांगणारा पौलाचा उतारा, वाचला गेला. वाचणारा मुलगा दहा-अकरा वर्षांचा होता आणि ‘उरस्त्राण’ (छातीवरचे चिलखत) या शब्दावर तो तीनदा अडखळला. तिसऱ्या वेळी तो शब्द त्याच्या तोंडून स्पष्ट उमटला, आणि मला अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रात्री आठवल्या.

आमचे बाळ जन्माआधीच गेले, त्यानंतर सुमारे चार महिने मला प्रार्थना करता येत नव्हती. रात्री सगळे झोपले की मनात एकच वाक्य सुरू होई, की हे तुझ्या जुन्या पापांचे फळ आहे. त्या वाक्याला पुरावे जोडण्याचे काम माझी स्मरणशक्ती स्वतःहून करीत असे, आणि जे आठवे ते बहुतांशी खरे असे, हेच सर्वांत कठीण होते. सैतान प्रत्येक वेळी खोटेच बोलतो असे मला लहानपणापासून वाटत आले होते. तो खऱ्या गोष्टी घेऊन त्यांचा खोटा निकाल देतो, हे मला तेव्हा कळले. प्रकटीकरणात त्याला ‘आरोप करणारा’ म्हटले आहे, ते याचसाठी असावे.

जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात मुख्य याजक यहोशवा मळकी वस्त्रे घालून उभा आहे, त्याच्या उजवीकडे सैतान आहे, आणि संपूर्ण अध्यायात यहोशवा स्वतःच्या बचावासाठी एक शब्दही बोलत नाही. त्याच्या वतीने परमेश्वर सैतानाला धमकावतो आणि त्याची वस्त्रे बदलली जातात. हे लक्षात आल्यापासून मी मनाशी वाद घालणे थांबवले. ‘ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाहीच’ एवढेच मी मोठ्याने म्हणत असे आणि कूस बदलून पडून राहत असे. छातीवरचे नीतिमत्त्वाचे उरस्त्राण माझे स्वतःचे नव्हते, म्हणून तर ते टिकले.

आपणही आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

शांत पाणी
ताई, आपल्या बाळाविषयी वाचून फार वाईट वाटले. मी सध्या प्रवासात आहे, म्हणून एवढेच लिहिते की आपले ‘खऱ्या गोष्टी आणि खोटा निकाल’ हे शब्द मी माझ्या वहीत उतरून घेतले आहेत.

दुसरा मैल
माझी लढाई कामाच्या ठिकाणची होती. एका सहकाऱ्याने स्वतःची चूक माझ्या नावावर टाकली आणि वरिष्ठांनी ती खरी मानली. मी दोन वर्षे त्या माणसाला शत्रू मानून प्रार्थना केली, आणि त्या प्रार्थना किती कडवट होत्या हे आज आठवले तरी लाज वाटते. ‘आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही’ हे वचन मला तोंडपाठ होते, परंतु ते या माणसालाही लागू होते, हे मी मान्य करीत नव्हतो. शेवटी पत्नीच्या सांगण्यावरून मी रोज सकाळी त्याचे नाव घेऊन त्याच्या घरादारासाठी आशीर्वाद मागू लागलो. तो बदलला नाही, त्याने क्षमाही मागितली नाही, आणि काही काळाने तो दुसरीकडे गेला. मात्र संध्याकाळी घरी परतताना त्याच्याशी मनातल्या मनात भांडण्याची माझी सवय सुटली, आणि माझ्या मुलांना त्यांचे वडील परत मिळाले.

झुडपाखाली
हे लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. मला तीव्र नैराश्याचा आजार होता. ज्या मंडळीत मी जात होते, तेथील वडीलधाऱ्यांनी प्रेमानेच सांगितले की हा दुष्ट आत्म्याचा हल्ला आहे आणि गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास आहे. मी गोळ्या एकदम बंद केल्या. पुढचे सहा आठवडे मी कसे काढले हे सांगणार नाही. माझ्या बहिणीने मला पुन्हा डॉक्टरांकडे नेले, म्हणून मी आज हे लिहू शकते आहे.

पहिल्या राजे पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. देव त्याला धमकावत नाही आणि त्याच्यातून काही काढायलाही जात नाही. दूत त्याला उठवतो, खायला-प्यायला देतो, पुन्हा झोपू देतो, आणि चालण्याची मजल मोठी आहे म्हणून दुसऱ्यांदा खायला देतो. मला आजही सैतानाच्या अस्तित्वाविषयी शंका नाही. परंतु त्या काळात त्याने माझ्याविरुद्ध वापरलेले सर्वांत धारदार शस्त्र म्हणजे ‘तुझा विश्वास कमी आहे’ हे वाक्य होते, आणि ते माझ्याच माणसांच्या तोंडून आले होते. कोणी अशा अवस्थेत असेल तर कृपया औषध आणि प्रार्थना यांपैकी एकाची निवड करू नये.

मोहरीचा दाणा (धागालेखिका)
झुडपाखाली ताई, आपण लिहिलेत याबद्दल देवाचे आभार मानते. आपल्या बहिणीसाठीही मानते.

पहारेकरी
अभ्यासाचा एक मुद्दा मांडतो, कारण त्याने माझे वागणे बदलले. मराठीत ‘धारण करा’, ‘उभे राहा’ हे आदरार्थी एकवचनही असू शकते, त्यामुळे आपण प्रत्येकजण इफिसकरांस पत्राचा तो अध्याय एकट्यासाठी वाचतो. मूळ ग्रीकमध्ये ही क्रियापदे स्पष्टपणे अनेकवचनी आहेत. ढालीसाठी पौलाने वापरलेला ‘थुरेओस’ हा शब्द दार या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, म्हणजे ती दारासारखी मोठी ढाल होती. आजच्या सीरियातील दुरा-युरोपोस येथील उत्खननात मिळालेली तिसऱ्या शतकातील रोमी ढाल सुमारे १०५ सेंटीमीटर उंच आहे. अशा ढाली शेजारी-शेजारी लावून सैनिक भिंत उभी करीत. मी अनेक वर्षे माझी परीक्षा एकट्याने लपवून लढत होतो आणि हरत होतो. हे समजल्यावर मी प्रथमच दोन मित्रांना सर्व सांगितले.

चौथा प्रहर
पहारेकरी दादा, हे अगदी खरे आहे. मी दारूतून बाहेर पडलो त्याला आता सात वर्षे झाली, परंतु त्याआधी मी चार वेळा पुन्हा पडलो होतो. चौथ्या वेळी मी मंडळीत परत जाणार नव्हतो. लूकच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू आपला शिष्य पेत्र याला, तो प्रभूला नाकारून पडण्याआधीच, सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. तेथे ‘जर वळलास’ असे नाही, याने मला धीर दिला. आजही ओढ दाटून आली की मी एका बंधूंना फोन करतो. ते काही विचारत नाहीत, आणि आम्ही ९१वे स्तोत्र आळीपाळीने एकेक ओवी म्हणतो.

शांत पाणी
पोहोचले. चौथा प्रहर दादा, एक शंका विचारू का? आमच्याकडे काहीजण तेच स्तोत्र मंत्रासारखे म्हणतात, जणू ते म्हटले की काही वाईट होणारच नाही. यात फरक कसा करावा?

चौथा प्रहर
मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान याच स्तोत्रातील वचन सांगून प्रभूला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सुचवतो. म्हणजे हे स्तोत्र त्यालाही पाठ आहे. प्रभू तिन्ही वेळा अनुवाद पुस्तकातून उत्तर देतो आणि वडिलांची परीक्षा पाहण्यास नकार देतो. मी ते स्तोत्र म्हणतो तेव्हा मला काही होणार नाही, अशी हमी मागत नाही. मी कोणाच्या आश्रयाला आहे, एवढे आठवतो.

उघडे दार
माझी लढाई अजून संपलेली नाही, म्हणून लिहिण्यास संकोच वाटतो. माझा मुलगा नऊ वर्षांपूर्वी विश्वास सोडून गेला. आधी मी त्याच्याशी फार भांडले, कारण मला वाटे की ठाम राहणे म्हणजे त्याला हरवणे. आता तो घरी येतो, जेवतो, हसतो, आणि देवाचा विषय निघाला की उठून जातो. दानीएलाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात दानीएलाची प्रार्थना पहिल्याच दिवशी ऐकली गेली होती, तरी उत्तर घेऊन येणाऱ्याला एकवीस दिवस अडवले गेले. माझी नऊ वर्षे झाली. काही संध्याकाळी मी गुडघ्यावर जाते आणि मला शब्दच सुचत नाहीत.

मोहरीचा दाणा (धागालेखिका)
ताई, लढाईच्या वेळी उंच धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले होते. आज रात्री दहा वाजता मी आपल्या मुलासाठी प्रार्थनेला बसत आहे, आपल्याला शब्द सुचले नाहीत तरी चालेल.

पहारेकरी
दहा वाजता मीही बसतो.

झुडपाखाली
माझी गोळी साडेनऊला असते आणि त्यानंतर लवकर झोप येते, म्हणून मी सव्वानऊलाच सुरुवात करते.