फिरत्या घराचा जड ट्रेलर जोडल्यावर पिकअप मागून बसते : पाटे वाढवावेत की एअर बॅग?

शहादेकर

नमस्कार. माझ्याकडे डबल कॅबिनची डिझेल पिकअप आहे. पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाट्यांची कमान, अशी तिची मूळ रचना आहे. तिच्यामागे मी चार चाकांचा, राहण्याची सोय असलेला ट्रेलर ओढतो. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी झालेली असून त्याला विजेवर चालणारे स्वतःचे ब्रेक आहेत. डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आमचा मुक्काम याच ट्रेलरमध्ये असतो आणि उन्हाळ्यात कुटुंबासह तोरणमाळला किंवा त्याहून लांब जाणे होते. पाणी, गॅस, भांडी आणि अंथरूण-पांघरूण धरून ट्रेलर 2,100 किलोच्या आसपास भरतो.

ट्रेलर हुकाला लावला की पिकअपची मागची बाजू बरीच खाली बसते. सारंगखेड्याच्या शेतातल्या तळावर उतरताना ट्रेलरचा दांडा काळ्या मातीच्या ढेकळांना घासतो, रात्री समोरून येणारे चालक माझा दिवा वर आहे म्हणून डिपर मारतात आणि सुरत–नागपूर महामार्गावर मोठा कंटेनर शेजारून गेला की स्टिअरिंग हातात हलके लागते. हे शेवटचे लक्षण मला सर्वांत जास्त खटकते. गॅरेजमध्ये विचारले असता एकाने मागे दोन पाटे वाढवण्याचा, दुसऱ्याने एअर बॅग (पाट्यांना आधार देणारी, हवा भरायची रबरी पिशवी) बसवण्याचा आणि तिसऱ्याने शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्याचा सल्ला दिला. खर्च करण्याची तयारी आहे, परंतु तो योग्य ठिकाणी व्हावा. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पाटेवाला, धुळे

दादा, तिघांनीही आपापल्या दुकानातला माल सांगितला आहे. मीही पाट्यांचेच काम करतो, तरी सुरुवात पाट्यांपासून करू नका. आधी गाडी वजनकाट्यावर न्या. आपल्या भागात जिनिंग आणि साखर कारखाने असल्यामुळे काटा शोधत फिरावे लागत नाही. प्रवासाला निघता तशी माणसे आणि सामान भरून, ट्रेलर सोडून, प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन करा आणि नंतर संपूर्ण पिकअपचे करा. त्यानंतर ट्रेलर जोडून, पण ट्रेलरची चाके काट्याबाहेर ठेवून, हीच दोन वजने पुन्हा घ्या. ट्रेलर जोडल्यावर पिकअपचे वजन जितके वाढले, तितका भार दांडा हुकावर टाकतो आहे. त्या आकड्यांशिवाय दिलेला कोणताही सल्ला, माझासुद्धा, अंदाजच असेल.

जाताना पाट्यांखाली वाकून बघा. एखादा पाटा तुटला आहे का, कमानीचा बाक उतरून पाटे सपाट झाले आहेत का, शॅकलचे, म्हणजे पाटा चासीला टांगणाऱ्या कडीचे, बुश खाल्ले गेले आहेत का आणि अ‍ॅक्सल चासीवर आदळू नये म्हणून लावलेल्या रबरी गुटक्यावर धडक बसल्याच्या ताज्या खुणा आहेत का, हे पाहा. जुन्या गाडीत निम्मी तक्रार इथेच सापडते.

यावल ते टेक्सास

मी मूळचा यावलचा. सध्या टेक्सासमध्ये राहतो आणि इथे असाच ट्रेलर ओढतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ट्रेलरचा दांडा ज्यावर बसतो तो हुकाचा गोळा मागच्या अ‍ॅक्सलच्या वर नसतो, त्याच्या मीटरभर मागे असतो. त्यामुळे दांड्याचा भार नुसता मागच्या चाकांवर बसत नाही, तर मागच्या अ‍ॅक्सलला टेकू करून तो पुढची बाजू उचलतो. बैलगाडीत माल मागे लादला की ती उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, तसाच हा प्रकार आहे. आपल्याला स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच. पुढच्या चाकांवर वजन कमी राहिले की वळण्याची आणि ब्रेकची पकड दोन्ही घटतात.

एअर बॅग, जादा पाटे किंवा जाड रबरी गुटके यांपैकी काहीही बसवले तरी मागची बाजू वर येईल आणि गाडी दिसायला समतल होईल, पण पुढच्या चाकांवरून गेलेले वजन परत येणार नाही. स्प्रिंग फक्त उंची बदलते. कोणत्या अ‍ॅक्सलवर किती भार पडावा हे हुकाची जागा आणि दांड्याचा भार ठरवतात. गाडी सरळ दिसू लागल्यामुळे चालकाला खोटा विश्वास येतो, हे त्याहून वाईट.

वजन परत पुढे ढकलायचे असेल तर भार वाटून देणारा हूक लागतो. त्यात गोळ्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी स्प्रिंगच्या कांबी असतात. त्या ताणून ट्रेलरच्या चौकटीला अडकवल्या की हुकाच्या जागी पीळ निर्माण होतो आणि मागच्या अ‍ॅक्सलवरचा काही भार पिकअपच्या पुढच्या व ट्रेलरच्या चाकांवर जातो. गेलेले वजन किती परत आणायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिले असेल तर तेच पाळावे. इकडच्या अनेक पुस्तिकांमध्ये ते सुमारे निम्मे सांगितलेले असते. पूर्णाहून जास्त परत आणले तर मागची चाके हलकी पडतात आणि वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू लागतो.

दांड्याचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा, असा इकडचा नियम आहे. युरोपात तो बराच कमी ठेवतात, पण तिथले ट्रेलर हलके असतात, जड सामान बरोबर चाकांवर ठेवलेले असते आणि वेगमर्यादाही कमी असते. त्यामुळे त्यांचा आकडा आपल्या बांधणीच्या ट्रेलरला लावू नये. दांडा हलका पडला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो.

पाटेवाला, धुळे

टेक्सासच्या भाऊंचे म्हणणे मान्य आहे, पण एक गोष्ट आमच्या रस्त्यांबद्दल. डांबरी रस्ता सोडून शेतात उतरताना पिकअप आणि ट्रेलर यांच्यात मोठा कोन पडतो, तेव्हा त्या ताणलेल्या कांबी हूक आणि चासी यांच्यावर काय करतील? महामार्गावर चालणारी वस्तू नदीकाठच्या तळावर चालेलच असे मला वाटत नाही.

यावल ते टेक्सास

शंका रास्त आहे. खोल चारीतून किंवा उंचवट्यावरून जाताना, तसेच तळावर मागे घेताना अनेक बनावटींमध्ये कांबी सोडाव्याच लागतात, आणि त्या सोडून सावकाश गेले तर चालते. शिवाय पिकअपचा मागचा हूक-बार आणि ट्रेलरची पुढची चौकट हा पीळ सोसतील इतकी मजबूत आहेत की नाही, हे अनुभवी फॅब्रिकेटरकडून आधी तपासून घ्यावे. ट्रेलरला धक्क्यावर चालणारे (गाडी थांबताना ट्रेलर पुढे ढकलला गेला की आपोआप लागणारे) ब्रेक असतील तर प्रत्येक बनावट त्यांच्याशी जुळत नाही. आपल्याकडे विजेचे ब्रेक आहेत, त्यामुळे तो प्रश्न नाही.

शहादेकर

सर्वांचे आभार. काट्यावर जाऊन आलो. काटा दहा किलोच्या पटीत वजन दाखवतो.

ट्रेलर न जोडता पिकअपच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर 1,120 आणि मागच्या अ‍ॅक्सलवर 1,010, एकूण 2,130 किलो.
ट्रेलर जोडून पुढे 1,030 आणि मागे 1,330, एकूण 2,360 किलो.

म्हणजे दांड्याचा भार 230 किलो निघाला. पाटे तुटलेले नाहीत, पण बाक थोडा उतरलेला दिसतो. पुस्तिकेत मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा 1,350 आणि गाडीचे एकूण वजन 2,500 किलो दिले आहे. ट्रेलरची 150 लिटरची पाण्याची टाकी त्याच्या चाकांच्या पुढे आहे. ती रिकामी ठेवून निघालो तर दांडा हलका होऊन सगळेच सुटेल का?

यावल ते टेक्सास

आकडे हिशेबात चपखल बसतात. आपल्या पिकअपच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर सुमारे 3.1 मीटर आणि गोळा मागच्या अ‍ॅक्सलपासून 1.2 मीटर मागे असेल, तर 230 किलोच्या दांड्यामुळे पुढून साधारण 90 किलो उचलले जाऊन मागे 320 किलो वाढायलाच हवेत. मागच्या अ‍ॅक्सलला आता जेमतेम 20 किलोची मोकळीक उरली आहे, आणि ती जादा पाटा बसवून वाढणार नाही. अ‍ॅक्सलची नळी, बेअरिंग, रिम, टायर आणि ब्रेक तेच राहतात.

टाकीचा उपाय मात्र करू नका. टाकी ट्रेलरचे अ‍ॅक्सल आणि गोळा यांच्या साधारण मध्यावर असेल तर तिच्यातले जवळपास निम्मे पाणी, म्हणजे 75 किलो, दांड्यावर येते. ती रिकामी केली की दांडा 155 किलोंवर आणि ट्रेलर 1,950 किलोंवर येईल. हे प्रमाण आठ टक्केही भरत नाही, म्हणजे झुलण्याला आमंत्रण. टाकी भरलेलीच ठेवा, कारण अर्धवट टाकीतले पाणी हिंदकळते तेही त्रासदायकच.

त्याऐवजी पिकअपच्या हौद्यात मागच्या फळीजवळ काय ठेवले आहे ते पाहा. तिथे जनरेटर किंवा बॅटरी असेल तर ती केबिनला लागून ठेवा. साठ किलोंची वस्तू मागच्या अ‍ॅक्सलच्या 0.9 मीटर मागून 0.7 मीटर पुढे आणली तर एक रुपयाही खर्च न होता सुमारे 30 किलो मागून पुढे जातात. गोळा फळीपासून लांब ठेवणारा लांबलचक हूक-बार वापरत असाल तर तो आखूड करून घेण्याचाही असाच फायदा होतो.

भुसावळचा वाहतूकदार

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा 1988 मधील कलम 52 प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. झिजलेला पाटा त्याच मापाच्या पाट्याने बदलणे ही दुरुस्ती झाली. पाटे वाढवून जास्त वजन वाहून नेणे हा वेगळा विषय आहे, कारण पाटे कितीही घातले तरी नोंदणी पुस्तकातील एकूण वजन तेवढेच राहते. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये असा दंड आहे. दंड एक वेळ परवडेल, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून पाहतो तेव्हा प्रश्न अवघड होतो. काहीही बसवण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी विचारून ठेवावे.

टायरबद्दलही थोडे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हवा पहाटे टायर थंड असतानाच, भारासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. दुपारी दाब वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नये. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब दोनेक पीएसआयने चढतोच. हवा काढलेला टायर अधिक लवतो आणि अधिक तापतो. टायरच्या बाजूवरचा भारदर्शक अंकही अ‍ॅक्सलच्या वजनाशी ताडून घ्यावा.

पाटेवाला, धुळे

आता माझ्या कामाचे सांगतो. आकडे पाहता जादा पाट्यांची गरज नाही. वरचे मुख्य पाटे जाड केले तर रिकामी गाडी मागून उडू लागेल आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात मागची चाके नुसती फिरतील. बाक उतरला असेल तर मूळ मापाचा नवा संच बसवा. कोणी भट्टीत लाल करून कमान चढवून देतो म्हणाला तर नको म्हणा. तापवून नुसता वाकवलेला पाटा नीट पाणी दिल्याशिवाय, म्हणजे तापवून-थंड करून कडक केल्याशिवाय, पुन्हा बसतो किंवा तुटतो. पाटे उतरवल्यावर यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे) आणि सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा मधला) नवेच घ्या, आणि भार घेऊन पहिली फेरी झाली की यू-बोल्टचे नट पुन्हा आवळून घ्या. हे आवळणे बहुतेक गिऱ्हाईके विसरतात, मग सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला की आमच्या नावाने बोटे मोडतात.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर भार उचलत नाहीत, फक्त झोका थांबवतात. सिमेंटच्या रस्त्यावरच्या सांध्यांवर गाडी पुढे-मागे डोलत राहत असेल किंवा त्यांतून तेल झिरपले असेल तर चारही बदला, अन्यथा राहू द्या.

तापीकाठ

एक महत्त्वाचा मुद्दा राहिला आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी जाते. गाडी भाराने खाली बसली की ती दांडी व्हॉल्व्हला ढकलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. एअर बॅगने मागची बाजू वर उचलली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भार असूनही मागचे ब्रेक कमी लागतात. नवीन गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते, तिथे ही दांडी नसते. आपल्या गाडीत असेल तर उंची बदलणारे कोणतेही काम केल्यावर तिचे सेटिंग अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच करून घ्यावे. पुढचा दिवा मात्र डॅशबोर्डवरच्या चाकाने खाली करता येतो, त्याला खर्च नाही.

शहादेकर

गाडीखाली वाकून पाहिले. ती दांडी माझ्या गाडीत आहे, त्यामुळे एअर बॅगचा विचार सोडला. जनरेटर आणि बॅटरी फळीजवळच होत्या. त्या केबिनला लागून बांधल्यावर काट्यावर पुढे 1,060 आणि मागे 1,300 किलो आले. मूळ मापाचे पाटे धुळ्याला येऊन बसवून घेईन. भार वाटणाऱ्या हुकासाठी ट्रेलरच्या पुढच्या चौकटीचे माप आणि चॅनेलची जाडी फॅब्रिकेटरकडून काढून इथे टाकतो. टेक्सासच्या भाऊंनी 230 किलोच्या दांड्याला कोणत्या क्षमतेच्या कांबी घ्याव्यात ते सांगावे.

यावल ते टेक्सास

कांबींची क्षमता दांड्याच्या भाराबरोबरच हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ठेवलेले सामान धरून निवडतात. जनरेटर पुढे गेल्यामुळे आता तिथे फारसे काही नसावे, त्यामुळे 270 किलोच्या आसपासच्या, म्हणजे इकडे 600 पौंडांच्या म्हणून मिळतात त्या पुरतील. फार ताठ कांबी घेतल्या तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट चौकटीत जातो. चौकटीचे माप आल्याशिवाय मागणी नोंदवू नका.

पाटेवाला, धुळे

येताना ट्रेलर शहाद्यालाच ठेवा, पण जनरेटर आणि नेहमीचे सामान हौद्यात असू द्या. यू-बोल्ट आणि बुशचे नट सैल बसवून, गाडी चाकांवर उभी करून, भारासह शेवटचे आवळणे करावे लागते. रिकामी गाडी जॅकवर असताना बुशचे नट कसले तर नवे रबर महिन्याभरात पिळून फाटते.