मदत हवी आहे: सशाचं पिल्लू ट्रेमध्ये शू करत नाही

नमस्कार. आम्ही फोंड्याला राहतो. घरी ३ महिन्यांचं सशाचं पिल्लू आहे, नर, नाव कापूस. लेंड्या बहुतेक ट्रेमध्येच टाकतो, शू मात्र दर वेळी सोफ्यामागच्या कोपऱ्यात. ट्रेमध्ये वर्तमानपत्र आणि एका बाजूला सुकं गवत घातलंय, कारण ससे खाता खाताच उरकतात. मांजरांसाठी मिळते ती गोळे होणारी माती मुद्दाम टाळली. पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. शू पुसलेला कागद ट्रेमध्ये ठेवून बघितला. दोन दिवस जमलं, मग पुन्हा तेच. कोपरा व्हिनेगर-पाण्याने पुसते, पण या पावसात फरशी वाळतच नाही, वास राहतो. गवतालाही लगेच बुरशी धरते, त्याची मला जास्त धास्ती वाटते.

ट्रे त्या कोपऱ्यातच हलवू का? की काही दिवस त्याला छोट्या जागेतच ठेवू? नसबंदीनंतर बराच फरक पडतो हे माहीत आहे, पण तोवर काय करायचं? सासूबाई म्हणतात पडवीत ठेव. तिथे रात्री मांजरं येतात, माझं मन धजत नाही.

गोव्यात सशांचा अनुभव असलेले पशुवैद्य माहीत असतील तर कृपया सांगा. आणि पावसाळ्यात गवत कोरडं कसं ठेवता?