अनुभव धागा: पार्टीसाठी माणशी किती नग करावेत?

पूर्ण जेवणाचा अंदाज बांधणे सवयीने जमते, परंतु हाताने उचलून एक-दोन घासांत संपवायच्या पदार्थांचे गणित अनुभवी यजमानांचेही चुकते, कारण येथे ताट भरले की माणूस थांबतो असे होत नाही. गप्पा चालू असतात, हात पुन्हा पुन्हा ताटलीकडे जातो आणि कोणी किती खाल्ले याची नोंद कोणाकडेच राहत नाही. म्हणून आपला प्रत्यक्ष अनुभव कृपया आकड्यांसह लिहावा: पाहुणे किती होते, वेळ कोणती होती, पुढे जेवण होते की नव्हते, काय कमी पडले आणि काय उरले.

*

सुरुवात माझ्यापासून करतो. चाळीस पाहुणे, सायंकाळी ७ ते १० अशी वेळ, आणि मुख्य जेवण ठेवलेले नव्हते. कोठेतरी ऐकलेला ‘माणशी सहा नग’ हा हिशेब धरून मी २४० नग केले आणि सव्वाआठच्या सुमारास सगळी तबके रिकामी झाली. उरलेला पावणेदोन तासांचा काळ मला आजही आठवतो, कारण माणसे भुकेली होती आणि कोणीही तसे बोलून दाखवत नव्हते. सहा हा आकडा मुळात पहिल्या तासाचा असतो, हे मला नंतर कळले. त्यापुढच्या प्रत्येक तासाला माणशी आणखी तीन ते चार नग धरावे लागतात, म्हणजे तीन तासांच्या आणि जेवण नसलेल्या कार्यक्रमाला माणशी १२ ते १४, अर्थात चाळीस जणांसाठी ४८० ते ५६० नग हवे होते. निमंत्रणात ‘अल्पोपाहार’ असा स्पष्ट शब्द असता तर काही जण घरून खाऊन आले असते; तो न लिहिणे ही माझी दुसरी चूक होती. रात्रीच्या जेवणाच्या वेळेत बोलावले की पाहुणा जेवणाच्या अपेक्षेने येतो. हाच कार्यक्रम दुपारी तीन ते पाच असा असता तर याच्या निम्म्यात भागले असते, असे मला वाटते.

*

माझे नेमके उलटे झाले. पंचवीस जण होते, तासाभराने पूर्ण जेवण होते, आणि तरीही मी माणशी दहा नग ठेवले. सगळे संपले, लोकांनी मनापासून कौतुकही केले, आणि त्यानंतर मांडलेले जेवण जवळजवळ तसेच राहिले. आता पुढे जेवण असेल तर मी माणशी चार किंवा पाच नगांवर थांबते आणि त्यांत तळलेले, चीज घातलेले असे जड पदार्थ एकापेक्षा जास्त ठेवत नाही. जेवणाला उशीर होणार असे दिसले तर कापलेल्या भाज्या आणि फळे पुढे करते.

*

मला प्रकारांच्या संख्येविषयी लिहायचे आहे, कारण त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. वीस जणांसाठी मी अकरा प्रकार केले होते. प्रत्येकाने प्रत्येकातला एक तरी चाखून पाहिला, आवडलेले दोन प्रकार पहिल्या अर्ध्या तासात संपले आणि न आवडलेले चार शेवटपर्यंत पडून राहिले. शिवाय मी स्वतः पूर्ण वेळ स्वयंपाकघरात होते. आता वीस जणांना पाच प्रकार करते. त्यांतले निदान तीन आदल्या दिवशी तयार होणारे किंवा थंडच वाढायचे असतात, कारण शेगडी आणि ओव्हन एका वेळी किती पेलतात यालाही मर्यादा आहे. माणशी १२ प्रमाणे २४० नग होतात, पण ते प्रत्येकी ४८ असे सारखे वाटून चालत नाही. गरम आणि कुरकुरीत पदार्थ सर्वांत आधी उचलला जातो, म्हणून माझी वाटणी ७०, ६०, ४५, ३५ आणि ३० अशी असते.

*

मी काही वर्षे केटरिंगच्या स्वयंपाकघरात काम केले आहे. तेथे शिकलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे सगळा माल एकदम मांडायचा नाही. एक तृतीयांश आत राखून ठेवायचा आणि लहान तबके वारंवार भरायची. भरलेले मोठे तबक पाहिले की माणूस एका वेळी चार नग घेतो. लहान तबकातून तो दोन घेतो आणि पुन्हा येतो. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात, त्यामुळे मांस, अंडी, दुधाचे पदार्थ किंवा शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास. टेबलावर दोन तासांहून अधिक राहिलेले असे अन्न मी कोणाला बांधून देत नाही, मग ते कितीही चांगले दिसो. आत थंड राहिलेला माल मात्र निर्धास्तपणे देता येतो, म्हणून थोडे जास्त करायचेच असेल तर ते आत राखून ठेवावे.

*

दहा वर्षांखालील मुलांना मी मोठ्यांच्या निम्मे धरतो. आजवर कमी पडलेले नाही.

*

शाकाहारी पाहुण्यांविषयी एक कळकळीची सूचना. तीस जणांत सहा शाकाहारी होते, म्हणून मी त्या हिशेबाने सहा जणांपुरते, म्हणजे ७२ शाकाहारी नग केले. पण मांसाहार करणारेही शाकाहारी पदार्थ आवडीने खातात, आणि ज्यांना दुसरा पर्यायच नव्हता त्यांच्यापर्यंत निम्मेही पोहोचले नाहीत. आता मी एकूण नगांपैकी किमान निम्मे शाकाहारी करते. ज्यांना एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तर वेगळी झाकलेली ताटली आधीच काढून ठेवते, तिच्यावर नाव लिहिते आणि ते आल्याबरोबर ती कोठे आहे हे त्यांना सांगते.